चक्कर म्हणायचं नाही

आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात एका शब्दाला बंदी होती. पेशंटने शिवी घातली तरी चालायचं, पण ‘डॉक्टर, चक्कर येते’ एवढं तोंडातून गेलं की ते हातातलं पेन खाली ठेवायचे आणि दाराकडे बोट करायचे. म्हणजे बाहेर बाकावर जा, विचार कर, दुसरा शब्द घेऊन ये. नवा माणूस गडबडायचा. मग मी त्याला बाहेर नेऊन समजवायचो. आत डॉक्टर पुढच्याला सांगत असायचे, “चक्कर राणीच्या बागेत मारतात, मेन. इथे काय होतं ते बोल.”

घोडपदेवच्या नाक्यावर दोन खोल्यांचा दवाखाना. डॉक्टर जातीचे कॅथलिक, मूळ इथलेच, बोलताना शेवटी ‘मेन’ लावायचे. आम्ही कोकणातून आलो त्याच्या कितीतरी आधीपासून त्यांची माणसं या जमिनीवर. गळ्यात टाय आणि पायात रबरी स्लिपर. ‘टाय पेशंटसाठी, स्लिपर माझ्यासाठी,’ असं म्हणायचे. ताप, खोकला, खरूज सगळं बघायचे, पण मन त्यात नसायचं. डोकं धरून कोणी पायरी चढला की यांचे डोळे चमकायचे. चाळीतली पोरं त्यांना भोवऱ्या म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं. रागावले नाहीत. एकदा म्हणाले, भोवरा फिरतो तोवर उभा तरी असतो.

मी चौथी पास. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होतो. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांच्याकडे झाडू मारायला लागलो आणि वर्षभरात औषधाच्या पुड्या बांधायला लागलो. कंपाउंडर ही पदवी मला लोकांनी दिली, कॉलेजने नाही. डॉक्टरही त्याच नावाने हाक मारायचे. इतक्या वर्षांत माझं खरं नाव त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. त्यांना ते माहीत होतं की नाही, याचीही मला शंका आहे.

त्यांच्या टेबलावर लाल पुठ्ठ्याची लांबट वही असायची. कॉन्व्हेंटात शिकले होते, मराठी बोलायला पक्के पण लिहायला येत नव्हतं, म्हणून आपले मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहायचे. पहिल्या रकान्यात पेशंटचं नाव. दुसऱ्यात त्याने वापरलेला शब्द, जसाच्या तसा. तिसऱ्यात तो शब्द कोणाचा ते. त्याचा, तिचा, आईचा, सुनेचा. या तिसऱ्या रकान्याचं त्यांना फार. सासूला घेऊन आलेली सून बोलायला लागली की हात वर करायचे. म्हणायचे, “सुनेने सांगितलेली सासूची चक्कर ही सुनेची चक्कर असते. म्हातारीला बोलू दे.” म्हातारी अर्धा तास लावायची. बाहेर रांग शिव्या द्यायची. हे गालाला हात लावून ऐकायचे.

त्यांचा हिशेब सरळ होता. घर फिरतं, छत गरगरतं, असं म्हणणाऱ्याचा बहुतेक कान बिघडलेला. डोळ्यापुढे अंधारी येते म्हणणाऱ्याचं रक्त, नाहीतर पोट, नाहीतर तो खातो त्या गोळ्या. डोकं पोकळ वाटतं, तरंगल्यासारखं होतं, असं म्हणणाऱ्याच्या घरात काय चाललंय ते विचारायचं. आणि घर जागच्या जागी आहे पण मीच एका अंगाला जातो, असं कोणी म्हटलं की डॉक्टर खुर्चीतून उठायचे. एका शब्दावर निकाल द्यायचे असं नाही. शब्दानंतर विचारायचे, किती वेळ टिकतं, काय केल्यावर येतं, ऐकू येतं का, आणि मग तपासायचे. पण दरवाजा शब्दाचाच.

भायखळ्याच्या भाजीबाजारातला एक हमाल तीन दवाखाने फिरून आला होता. तोही चक्कर म्हणाला आणि बाकावर गेला. परत आला तो म्हणाला, पाटी उचलायला वाकून उठलो की समोर काळं होतं. डॉक्टरांनी त्याच्या पिशवीतली औषधं टेबलावर ओतायला लावली. दोन डॉक्टरांनी दोन नावांनी प्रेशरची एकच गोळी दिली होती आणि हा इमानदारीत दोन्ही खात होता. एक बंद केली. आठ दिवसांनी हमाल कोबीचा गड्डा घेऊन आला.

हे सगळं मी ऐकत शिकलो. आणि हेही लिहून ठेवतो की त्या वहीतले निम्मे शब्द माझे. डॉक्टरांना भोवंड माहीत नव्हती, घेरी माहीत नव्हती. आमच्या मालवणी बायका काय म्हणतात ते त्यांना मी उलगडून सांगायचो. एखादा शब्द नवीन निघाला की ते मान न उचलता म्हणायचे, “परत बोल.” शाबासकी म्हणून एवढंच. मी तेवढ्यावरही फुगायचो.

भिंतीवर खिळ्यांची एक रांग होती आणि त्यावर गळपट्टे लटकवलेले. मान आखडली म्हणून घेरी येते असं सांगून कोणीतरी पट्टा बांधलेला पेशंट आला की डॉक्टर आधी पट्टा सोडायचे, वास घ्यायचे, खिळ्याला टांगायचे. परत मागितला तर म्हणायचे, बैलाला घाल. पट्टा लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी त्यामुळे वैर. केमिस्टशीही वैर, कारण बाकी सगळे डोळे मिटून ‘चक्करची गोळी’ लिहायचे आणि हे लिहायचे नाहीत. म्हणायचे, ही गोळी म्हणजे बसचा नंबर न बघता बसमध्ये चढणं. पेशंटही कमी होत गेले. लोकांना गोळी हवी असते. प्रश्न कोणाला हवेत?

आतल्या खोलीत लोखंडी खाट होती, तिचा उशाकडचा कठडा त्यांनी कापून टाकला होता. पेशंटला बसवायचं, मान वळवायची, झटकन असं आडवं करायचं की डोकं खाटेबाहेर लोंबेल, आणि डोळ्यांकडे बघायचं. त्याआधी पेशंटला जाड भिंगांचा चष्मा चढवायचे. त्यातून त्याचे डोळे घुबडासारखे मोठे दिसायचे. बाहुल्या नाचायला लागल्या की मला जवळ बोलवायचे. कानाच्या आत चुन्याच्या कणीसारखे बारीक खडे असतात, ते जागचे सुटून भलत्या नळीत शिरले की कूस बदलताना घर फिरतं. मग डोकं एका बाजूने दुसऱ्या बाजूला, तिथून खांद्यावर, तोंड जमिनीकडे, मग उठवून बसवायचं. खडे घरंगळत आपल्या जागी. गोळी नाही, सुई नाही. रडत आलेली बाई हसत जायची. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला देवळात गेल्यासारखं झालं होतं.

आणि एक वाक्य होतं. ते भिंतीवर लिहिलं नव्हतं, पण मला रोज ऐकवायचे. “डोळा फिरून थांबला तर खाट. थांबेना, उभाच, वरखाली नाचत राहिला तर टॅक्सी. आणि धरल्याशिवाय ज्याला बसता येत नाही, त्याला आधी टॅक्सी, मग प्रश्न.” टॅक्सी म्हणजे परळचं मोठं हॉस्पिटल. तो कान नव्हे, मेंदू. ते सांगताना कधी हसले नाहीत.

माझ्या बायकोला पहिल्यांदा झालं ते कानाचंच. सकाळी चादर घट्ट धरून पडलेली. मी तिला दवाखान्यात आणली. माझी बायको म्हणून सवलत नाही, तीही बाकावर. मी काही सांगायला गेलो तर डॉक्टरांनी हात वर केला. तीच बोलली, “कूस परतली काय घर गरगरता. मगे आपसूक थांबता.” डॉक्टर म्हणाले, “फर्स्ट क्लास.” खाटेवर घेतलं. उजवा कान. एका वळणात बरी झाली. घरी जाताना लालबागपर्यंत चालत गेली आणि मला म्हणाली, तुमचो डॉक्टर येडो आसा, पण हाताक गुण आसा.

त्यानंतर माझं डोकं चढलं, हे मी कबूल करतो. चाळीत कोणाला गरगरलं की मला बोलवायला लागले. मी पलंगावर आडवं करून वळवून द्यायचो. पाच-सहा जणांना गुण आला. पैसा घेतला नाही, पण मान घेतला. बायकोला तर दोनदा मीच बरी केली आणि साऱ्या मजल्याला ऐकवलं. एमबीबीएसला जे येत नाही ते चौथी पासला येतं, असं सांगत फिरायचो. खोटं नव्हतं ते.

डॉक्टरांना कळलं ते एका पेशंटच्या तोंडून. दवाखाना भरलेला. त्यांनी मला आतून बोलवलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, वळवण्याआधी बघतोस काय? मी म्हणालो, डोळे बघतो. त्यांनी विचारलं, आणि ऐकतोस काय? मी म्हणालो, तीस वर्षं ऐकतोय, अजून काय ऐकायचं. तेव्हा ते म्हणाले, “तुला वळवायला येतं. हमालालाही येतं. तू ऐकत नाहीस, कंपाउंडर. तू ओळखीचं शोधतोस.”

बाकावर बसलेली माणसं माझ्याकडे बघत होती. त्यातल्या दोघांना मीच घरी बरं केलं होतं. मी पांढरा कोट काढला, खिळ्यावर गळपट्ट्यांच्या शेजारी टांगला आणि बाहेर पडलो. परत या पायरीवर पाय ठेवणार नाही असं म्हणालो. त्यांनी थांबवलं नाही. पुढच्याला म्हणाले, “हां, बोल, काय होतं?”

मी घरी बसलो. बायको रोज म्हणायची, जावा, मोठो माणूस तो, बोललो तर काय झाला. मी गेलो नाही. निरोप येईल याची वाट बघत होतो. निरोप आला नाही. तीन आठवडे झाले.

मग तो दिवस. सकाळी चहा टाकताना तिने ओट्याची कड धरली आणि हळूहळू खाली बसली. ओकली. मी म्हणालो, परत कान. तिला पलंगावर घेतली, मान उजवीकडे, डोकं लोंबतं. डोळे नाचत होते. मला आनंद झाला, हे लिहायला लाज वाटते पण झाला. ओळखीचं सापडलं होतं. वळवली, उठवून बसवली. हात सोडला तशी ती डाव्या अंगाला गेली. परत बसवली, परत गेली. भरलेलं पोतं टेकवल्यासारखं.

ती म्हणाली, “घर फिरणा नाय ओ. मीच कलांडतंय.”

मी म्हणालो, “ता कानाचाच आसा. गप रव.”

मला ते टॅक्सीचं वाक्य आठवलं नाही, असं मी कोणाला सांगणार नाही. आठवलं. डॉक्टरांच्या आवाजात आठवलं. पण त्या आवाजात मागून ‘हमालालाही येतं’ हेही ऐकू आलं. टॅक्सी बोलवायची म्हणजे आख्ख्या मजल्यासमोरून तिला न्यायची, ज्या मजल्याला मी सांगून ठेवलं होतं की हिचा कान माझ्या हातातला आहे. मी तिला दुपारी परत वळवली. शेजारीण दोनदा दारात येऊन म्हणाली, भाऊ, डॉक्टरांना तरी विचारा. तिला मी उलट बोललो. चार वाजता तिसऱ्यांदा वळवायला घेतली तेव्हा ती काहीतरी म्हणाली आणि मला एक अक्षर कळलं नाही. जीभ जड झाली होती. तेव्हा मी टॅक्सी बोलवली.

हॉस्पिटलातला पोरगा डॉक्टर, फॉर्मवरून नजर न काढता म्हणाला, सकाळी आणायला हवं होतं, काका. मेंदूच्या मागच्या भागाचं रक्त अडलं होतं. जगेल, पण तोलाचं सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी आमचे डॉक्टर आले. कोणी सांगितलं माहीत नाही. टाय, स्लिपर, काखेत लाल वही. तिच्या डोळ्यांत बघितलं, तिचा हात धरला. मग मला बाहेर पॅसेजमध्ये घेऊन आले. मी तयारीत होतो. शिव्या दिल्या असत्या तर उभं राहून खाल्ल्या असत्या. त्यांनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि एवढंच विचारलं, “शब्द काय होता?”

“चक्कर,” मी म्हणालो.

तीस वर्षांत हा शब्द त्यांच्यासमोर मी पहिल्यांदा बोललो. त्यांनी पेन खाली ठेवलं नाही. दाराकडे बोट केलं नाही. मी म्हणालो तसं वहीत लिहून घेतलं, टोपण लावलं आणि म्हणाले, “सोमवारी ये.”

सोमवारी मी गेलो. कोट खिळ्यावर होता तसाच होता.

ती चार वर्षं जगली. भिंतीला धरून चालायची. मी खोलीभर दोरी बांधली होती, ओट्यापासून पलंगापर्यंत, तिथून मोरीपर्यंत. डॉक्टर दर रविवारी चर्चहून थेट आमच्याकडे यायचे. तिला लाद्यांच्या रेषेवरून चालवायचे, पायाला पाय लावून. एका लादीवरून दोन, दोनावरून तीन. जेवतेस काय, झोप लागते काय, सगळं विचारायचे. तिचं बोलणं जड होतं, पण लक्ष दिलं तर कळायचं. त्यांना तर कळायचंच, त्यांनी आयुष्यभर दुसरं केलं काय? पण त्या दिवशी काय झालं, तू काय म्हणालीस, हे त्यांनी तिला कधी विचारलं नाही. दर रविवारी मी चहा घेऊन उभा राहायचो आणि वाटायचं, आज विचारणार. ती माझ्याकडे बघायची. तीही आपणहून बोलली नाही. तिने ते माझ्यासाठी केलं की मला शिक्षा म्हणून केलं, मला अजून कळलेलं नाही.

त्या चार वर्षांत मी डॉक्टरांचा राग करायला शिकलो. हा माणूस सुनेला गप्प करून म्हातारीला बोलतं करायचा. अनोळखी हमालासाठी रांग थांबवायचा. आणि माझ्या घरात येऊन माझ्याच शब्दावर गप्प बसला. मला वाटायचं, त्यांना खरं माहीतच नाही, माझ्यासारख्या खोट्या माणसाने त्यांना फसवलंय आणि ते भोळेपणाने चहा पितायत. त्याचंही एक ओझं. दुसऱ्या वेळी वाटायचं, म्हातारा सगळं जाणतो आणि मला उकळत ठेवतो. दोन्हीपैकी काय बरं होतं, सांगता येत नाही.

ती गेली, त्यानंतर दोन वर्षांनी डॉक्टर गेले. झोपेत गेले. दवाखाना रिकामा करायला त्यांची बहीण माटुंग्याहून आली. तिने मला विचारलं, तुम्हाला काही हवंय का. कापलेली खाट भंगारवाल्याने नेली होती. गळपट्टे तिने बादलीत भरून ठेवले होते, त्यांचं काय करायचं तिला कळत नव्हतं. मी वही मागितली. ती म्हणाली, यात काय आहे? मी म्हणालो, शब्द आहेत.

औषधांच्या बाटल्या वाचून वाचून इंग्रजी अक्षरं मला लागतात. वेळ लागतो, पण लागतात. बायकोचं नाव दोनदा सापडलं. पहिल्या वेळी, घर गरगरता. तिसऱ्या रकान्यात, तिचा. दुसऱ्या वेळी, चक्कर. सगळ्या वहीत हा शब्द तेवढ्या एकाच ठिकाणी आहे. तिसऱ्या रकान्यात कंपाउंडरचा असं लिहिलेलं नाही. नवऱ्याचा, असं आहे. आणि त्याखाली बारीक अक्षरात एक ओळ: तिला विचारलं नाही. विचारणार नाही.

म्हणजे पॅसेजमध्येच कळलं होतं त्यांना. सोमवारी ये म्हणायच्या आधी.

मी त्या ओळीखाली माझ्या हाताने लिहिलं. इंग्रजी अक्षरांत मला लिहिता येत नाही, म्हणून मराठीत लिहिलं: कलांडतंय. आणि पुढच्या रकान्यात, तिचा. शब्द बरोबर आहे, रकाना बरोबर आहे. आता तो वाचून टॅक्सी बोलवणारं कोणी नाही.